टोलबूथ, चावडी आणि कचेरी : एका प्रचलित तुलनेचे परीक्षण

स्कॉटलंडातील प्राचीन व ऐतिहासिक वास्तूंची नोंद करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाने १९९६ साली 'टोलबूथ्स अँड टाउन-हाउसेस' या नावाचा एक ग्रंथ एडिंबरो येथे प्रसिद्ध केला. १८३३ पूर्वीच्या स्कॉटिश नागरी इमारती हा त्याचा विषय होय. ज्या एका इमारतीत नगराची सभा भरावी, पेठेचे कर जमा व्हावे, न्याय चालावा आणि त्याच इमारतीच्या कोठड्यांत कैदी कोंडले जावे, अशा इमारतीस त्या देशी टोलबूथ म्हणतात. हा विषय आमच्या वाचकांस दूरचा वाटेल. परंतु त्याचे नाव निघताच आपल्याकडील मंडळी एक तुलना हटकून पुढे करितात, आणि त्या तुलनेचे परीक्षण व्हावे, एवढ्याचसाठी आम्ही लेखणी उचलली आहे. ती तुलना अशी की, टोलबूथ म्हणजे आपली चावडी. चावडीवर वसूल होई, पंचायत बसे, खोडाही तेथेच असे. सबब स्कॉटलंडातील नगरांप्रमाणे आपल्या गावांस व कसब्यांसही स्वतःचे नगरगृह होते व त्यासोबत स्वराज्यही होते, असे अनुमान काढून मंडळी मोकळी होतात. वाशीमसारख्या जुन्या कसब्याचा इतिहास लिहिताना तर या अनुमानाचा मोह विशेष पडतो.

एकाच छपराखाली तीन कामे चालत, एवढे साम्य खरे आहे. परंतु छप्पर कोणाचे, हा प्रश्न या तुलनेत कोणी विचारीत नाही. आणि आमच्या मते सर्व मर्म त्याच प्रश्नात आहे.

टोलबूथ या शब्दाचा मूळ अर्थ जकातीची टपरी, इतका साधा आहे. स्कॉटलंडच्या राजांनी बाराव्या शतकापासून काही गावांस सनदा देऊन बाजार भरविण्याचा व बाजारकर घेण्याचा हक्क दिला. अशा सनदी नगरास तिकडे बर्ग म्हणतात. कर घेण्यास जागा हवी, म्हणून टपरी. कराचा तंटा मिटविण्यास पंच हवेत, म्हणून त्याच टपरीवर न्याय. आणि तंटेखोरास अडकविण्यास कोठडी हवी, म्हणून तिच्याखाली वा तिच्यामागे बंदिखाना. पुढे नगरे सधन झाली तशा दगडी इमारती उठल्या, त्यांवर घंटेचे व घड्याळाचे मनोरे चढले. एडिंबरोजवळील कॅननगेटचा टोलबूथ १५९१ सालचा आहे. ग्लासगोच्या टोलबूथचा सात मजली मनोरा १६२६ सालचा. त्याची बाकीची इमारत १९२१ साली पाडली गेली आणि मनोरा तेवढा रस्त्याच्या मध्यात एकाकी उभा राहिला. ॲबर्डीनचा टोलबूथही सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलाच. खुद्द एडिंबरोचा जुना टोलबूथ १८१७ साली जमीनदोस्त झाला. सर वॉल्टर स्कॉटने त्याचे दार आपल्या ॲबट्सफर्डच्या वाड्यात नेऊन बसविले आणि पुढल्याच वर्षी त्या बंदिखान्याच्या नावाने आपली प्रसिद्ध कादंबरी लिहिली.

या इमारती नगराच्या होत्या, म्हणजे नुसत्या नगरात होत्या असे नव्हे. इमारत बांधण्याचा खर्च नगराचा, आणि बंदिखाना ढिसाळ निघाल्यास त्याची जोखीमही नगराचीच. तेथील जुन्या कायद्याप्रमाणे कर्जबाजारी कैदी कोठडी कमकुवत असल्यामुळे पळून गेला, तर सावकाराचे कर्ज नगराच्या अधिकाऱ्यांच्या अंगावर पडत असे. नगरास गजांचा व कुलपांचा खर्च का सोसावा लागे, याचा उलगडा यावरून होतो. आपल्याकडे पेशवाईत कर्जदाराच्या दारी तगाद्याचे प्यादे बसत, सावकार धरणे धरी, प्रसंगी कर्जदारास आपल्याच घरी अडकवून ठेवी. तो निसटला म्हणून कसब्याच्या शेटेमहाजनांकडून कोणी कर्ज भरून घेतले नाही. नगरास जर बंदिखानाच नव्हता, तर त्याची जबाबदारी तरी नगराकडे कशी यावी?

हा भेद दोन प्रसंग शेजारी ठेवले असता जितका स्पष्ट दिसतो, तितका शंभर व्याख्यांनी दिसणार नाही. १७३६ साली एडिंबरोत एका चोरट्या व्यापाऱ्यास फाशी देताना नगररक्षकांचा नायक पोर्टियस याच्या शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या व काही माणसे मेली. पोर्टियसला देहान्त शिक्षा झाली. परंतु लंडनहून ती तहकूब झाल्याचा हुकूम येताच सप्टेंबर महिन्यात लोकांनी टोलबूथवर चाल केली, दार जाळून नायकास बाहेर ओढले आणि फासावर लटकविले. पार्लमेंटाने याचा जाब कोणास विचारला? एडिंबरो नगरास. नगरावर दोन हजार पौंड दंड बसला, तो मृताच्या विधवेस देवविला गेला, आणि नगराध्यक्ष अधिकारास कायमचा अपात्र ठरविला गेला. बंदिखाना नगराचा, रक्षक नगराचे, म्हणून अपराधही नगराचाच, असा हा सरळ हिशेब होता.

आता पुण्याकडे वळू. कोतवाल घाशीराम सावळदास याच्या अमलात, ऑगस्ट १७९१ मध्ये, दक्षिणेकडून आलेले तैलंग ब्राह्मण पकडून एका अरुंद जागेत कोंडण्यात आले आणि त्यांतील वीस-एकवीस जण गुदमरून मेले. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडविले तेव्हा हा अनर्थ उघडकीस आला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. लोक खवळले. पण ते गेले कोठे? शहराच्या सभेकडे नव्हे, कारण तशी सभा नव्हती. ते पेशव्यांच्या व नाना फडणिसांच्या दाराशी बसले. सरकारने कोतवालास लोकांच्या हवाली केले आणि दगडांच्या माराने त्याचा अंत झाला. पुण्याच्या पेठांवर दंड बसला नाही, कोणी शेट्या वा महाजन अपात्र ठरला नाही. कोतवाल सरकारचा, चावडी सरकारची, आणि रोषही सरकारवरच. जमावाने नगररक्षकांच्या नायकाचा जीव घेतला, एवढ्यापुरते दोन्ही प्रसंग सारखे आहेत. पण पाठोपाठ जो जाब विचारला गेला, त्यात दोन्ही देशांच्या नगरांची घडण उघडी पडते.

आणि लक्षात असावे की, पुण्याची कोतवाली हीच आपल्याकडील टोलबूथची सर्वांत जवळची उपमा होय. कोतवालाकडे वजने-मापे, बाजारभाव, घरांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी, परक्या माणसांची टिपणे, लहान गुन्ह्यांचा न्याय व दंड इतकी कामे असत आणि पेठोपेठी त्याच्या चावड्या असत. कामांची यादी पाहिली तर ॲबर्डीनचा नगराधिकारी लाजेल! परंतु यादी सारखी म्हणून संस्था सारखी, हा तर्क आम्हांस मान्य नाही. मोठे कैदी तर चावडीवर राहतच नसत. ते किल्ल्यांवर जात. सखारामबापू बोकील यांच्यासारखा कारभारी एका गडावरून दुसऱ्या गडावर हलविला जाऊन अखेर १७८१ साली रायगडावर वारला. मराठी राज्याचा खरा बंदिखाना म्हणजे डोंगरी किल्ला, आणि किल्ला कोणत्याही कसब्याच्या मालकीचा नसतो.

न्यायाच्या जागेविषयीही अशीच गल्लत होते. गोतसभेचे निवाडे व महजर चाळणाऱ्यास ठाऊक आहे की, सभा कधी देवळात, कधी नदीच्या संगमावर, कधी पिंपळाच्या पारावर बसे. दिव्य करावयाचे ते देवासमोर होई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या सभांचा ऊहापोह साधार आला आहे. न्यायाचे अधिष्ठान माणसांच्या मेळ्यात होते, इमारतीत नव्हते. टोलबूथ नसणे ही म्हणून आम्ही उणीव मानीत नाही. गोतास इमारतीची गरज पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण जी वस्तू नव्हती ती होती म्हणून सांगणे, हा देशाभिमान नव्हे.

वऱ्हाडात तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. वाशीमचे नाव घेताच वाकाटकांचे वत्सगुल्म, विंध्यशक्तीचा ताम्रपट आणि भवानी काळू यांनी अठराव्या शतकात उभारलेले बालाजीचे मंदिर यांवर पानेच्या पाने लिहिली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या काळी बालाजीचे मंदिर बांधले जात होते, त्या काळी हा मुलूख दोअमली होता. एकाच गावच्या वसुलात निजामाचा वाटा आणि नागपूरकर भोसल्यांचा वाटा, एकाच रयतेवर दोन सरकारांचे कामदार. ही अवस्था १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत चालली. अशा कसब्यातील चावडीस नगरगृह म्हणणाऱ्यांनी प्रथम हे सांगावे की, ती कोणत्या सरकारची, कोणाच्या वाट्याच्या वसुलाची, आणि तीत अडकविलेला माणूस कोणाचा कैदी. एडिंबरोच्या टोलबूथविषयी असा प्रश्न संभवतच नाही.

नगर म्हणून एकवट होण्याची शक्ती वऱ्हाडच्या पेठांत नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. १६७० साली मराठी फौजांनी कारंजा लुटले, तेव्हा त्या पेठेची सधनता सर्व हिंदुस्थानास कळली. तेथील धनिक मंडळीस धरून नेले ते खंडणीसाठी. आणि आसपासच्या गावांकडून चौथाईचे लेख घेण्यात आले. म्हणजे गावच्या वतीने लेखी जबाबदारी घेणारे कोणी होते, हे यावरून दिसते. कारंजास तट होता, दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ या नावांच्या वेशी होत्या. जकात वेशीवर, व्यापार पेढीवर, तंटा गोताकडे, आणि शिक्षा अंमलदाराकडे. टोलबूथने जे एका ठिकाणी आणिले, ते येथे चार ठिकाणी विखुरलेले होते. एवढी पेठ, एवढे धन, आणि तरी ही चार कामे एका सार्वजनिक घरात का आली नाहीत, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. चावडीस टोलबूथ म्हटले की तो प्रश्नच पुसला जातो.

वऱ्हाडची दुसरी विशेष इमारत म्हणजे गढी. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंतींची, बुरुजांची, आत धान्याची पेवे व देशमुखाचा वाडा असलेली गढी पाहून तीसही कोणी नगरदुर्ग समजतो. ती वतनदाराची होती. तेथे वसुलाचे दप्तर असे, बाकीदार कुळ बसवून ठेविले जाई. परंतु कुळास त्या घरात मत नव्हते.

मग टोलबूथचा आराखडा आपल्या मुलखात कधीच आला नाही काय? आला, पण उलट्या दिशेने. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर तहसिलीच्या ठिकाणी कचेऱ्या उभ्या राहिल्या. एका आवारात खजिना, तहसीलदाराची बैठक, फौजदारी न्यायाची खोली आणि हवालात. आरंभीच्या त्या बिनकानुनी कारभारात तहसीलदाराच्या हाती वसूलही असे व न्यायही. नकाशा समोर ठेविला तर हा अस्सल टोलबूथ! परंतु या एकत्रीकरणाचे कारण निराळे होते. खजिन्यास पहारा लागतो, कैद्यांसही लागतो. एकाच पहाऱ्यात दोहोंचे भागावे, ही सरकारी काटकसर त्याच्या मुळाशी होती. नगरपालिका वऱ्हाडात पुढे आल्या, त्या दिवाबत्ती, पाणी आणि सफाईपुरत्या. कोठडीची किल्ली त्यांच्या हाती कधी पडली नाही. खुद्द स्कॉटलंडातही १८३९ च्या कायद्याने नगरांचे बंदिखान्यांवरील स्वामित्व ढिले झाले आणि १८७७ च्या कायद्याने ते सरकारजमा झाले. तिकडे जी किल्ली नगराच्या कमरेची सुटत होती, ती इकडे नगराच्या कमरेस बांधण्याचा विचार सरकारला सुचावा कसा?

सरकारी घरांचा असा मिश्र उपयोग याच्याही आधी घडला होता. १८१८ नंतर शनिवारवाड्यात काही वर्षे तुरुंग, दवाखाना आणि वेड्यांचे इस्पितळ अशी विलक्षण वस्ती झाली व १८२८ च्या आगीने ती संपविली. ठाण्याच्या किल्ल्याचा तुरुंग झाला आणि १८१६ साली त्यातून त्र्यंबकजी डेंगळे निसटले. छपराखालच्या कामांवरूनच संस्था ओळखावयाची, तर शनिवारवाड्यासही टोलबूथ म्हणण्याची पाळी येईल.

मूळ ग्रंथाविषयी दोन शब्द. त्याची मर्यादा १८३३ ही नगरकारभाराच्या सुधारणेच्या कायद्याचे वर्ष पाहून घातलेली आहे आणि ती समर्पक आहे. पण बंदिखान्याच्या अंगाने पाहता ही कथा १८७७ पर्यंत नेणे अधिक सयुक्तिक झाले असते. एका लहानशा देशाने आपल्या अशा इमारतींची मोजमापे घेऊन ठेविली, याचे मात्र आम्हांस कौतुक आणि थोडे वैषम्यही वाटते. वाशीम जिल्हा १९०५ साली मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ यांत वाटले गेले आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. या उलथापालथीत कचेऱ्या बदलल्या, दप्तरे हलली. गढ्यांची पांढरी माती तर वर्षानुवर्षे शेतांत खत म्हणून जात आहे. बुरूज वितळतो आणि त्यासोबत आतील वाड्याचा, पेवांचा आणि दप्तराच्या खोलीचा पायाही जातो. चावडी, गढी आणि तहसिलीची कचेरी या तिन्ही इमारती निरनिराळ्या मालकांच्या होत्या, हे दाखविणारा पुरावा कागदांइतकाच त्यांच्या भिंतींत आहे. हवालातीचे दार खजिन्याच्या पहाऱ्याकडे उघडते की रस्त्याकडे, गढीतील दप्तराची खोली वाड्याच्या आत आहे की देवडीत, चावडीस लागून येसकराची जागा आहे की नाही, एवढ्या साध्या नोंदी घेतल्या तरी वरील वादाचा निकाल लागू शकेल. कारंजाच्या वेशी, रिसोड-मंगरुळाकडील गढ्या आणि वाशीमची जुनी सरकारी आवारे यांपासून आरंभ करावा. नोंद करणाराने टोलबूथ हा शब्द भाषांतर न करिता तसाच ठेवावा, आणि चावडीस चावडीच म्हणावे.