परवान्यांतून उमटणारी रेघ

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची मायक्रोवेव्ह परवान्यांची फाइल कुणालाही फुकट उतरवून घेता येते. उघडल्यावर मात्र दिसतात ते उभ्या रेघांनी तोडलेले आकडे आणि अक्षरे. ‘ईएन’ने सुरू होणाऱ्या ओळीत परवानाधारकाचे नाव, ‘एलओ’मध्ये मनोऱ्याची जागा, ‘एफआर’मध्ये वारंवारता, आणि ‘पीए’मध्ये लहरी कुठून कुठे जाणार ते. अक्षांश-रेखांशांचे अंश, मिनिटे, सेकंद, दिशा ही घरेही सुटी सुटी. ती एका संख्येत बांधताना पश्चिमेचा ‘डब्ल्यू’ नजरेआड झाला, तर न्यू जर्सीतला मनोरा थेट किर्गिझस्तानात जाऊन उभा राहतो.

हे तुकडे जोडून पोस्टजीआयएससारख्या, जागांविषयीचे प्रश्न समजणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवले, की संहिता बोलू लागते. ‘या चौकोनात कोण आहे?’ ‘या मनोऱ्याकडे कोण तोंड करून आहे?’ असे विचारता येते. मला या वाचनातली सर्वांत सुंदर जागा वाटते ती ‘पीए’ची ओळ. एका दुव्याचे टोक जिथे संपते, त्याच मनोऱ्यावरून पुढचा दुवा निघतो. मोरोपंतांच्या वाचकाला हे दामयमक लगेच ओळखू येईल: चरणाच्या शेवटची अक्षरे पुढच्या चरणाच्या आरंभी. फाइलमध्ये हे चरण हजारो ओळींत विखुरलेले असतात. नकाशावर मात्र ते सलग वाचता येतात, आणि शिकागोजवळच्या अरोरापासून न्यू जर्सीपर्यंत, जवळपास १,२०० किलोमीटर, विलक्षण सरळ रेघा उमटतात.

या सरळपणामागे शेअर बाजार आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश हवेतल्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने संथ धावतो. म्हणून वेगाने सौदे करणाऱ्यांनी मनोऱ्यांची वाट धरली. ग्रेगरी लॉफलिन, अँथनी अगिरे आणि जोसेफ ग्रुंडफेस्ट या संशोधकांनी बाजारातल्या सौद्यांच्या नोंदी आणि परवान्यांसारखी जाहीर माहिती एकत्र वाचली. एप्रिल २०१० ते ऑगस्ट २०१२ या काळात शिकागो-न्यूयॉर्कदरम्यानचा एकेरी संदेशकाळ ३ मिलिसेकंदांनी घटल्याचे त्यांना आढळले. त्यासाठीचा खर्च, पाच वर्षांच्या चालवणुकीसह, त्यांच्या अंदाजाने ५० कोटी डॉलरांहून अधिक. यातल्या खाजगी कंपन्या आपला वेग मिरवतात, मार्ग नाही. तरीही तो मार्ग कुणालाही आखता आला, कारण लहरी सार्वजनिक आहेत आणि त्या वापरण्याची परवानगी सार्वजनिक दप्तरात नोंदवावी लागते. लोकशाहीतल्या दप्तराने असेच असावे, असे मला मनापासून वाटते.

वाचकाने एक भान ठेवायला हवे. परवाना म्हणजे उभारलेला मनोरा नव्हे. मायक्रोवेव्हच्या परवानाधारकाला उभारणीसाठी साधारण १८ महिने मिळतात, आणि काही दुवे कागदावरच राहतात. म्हणून परवान्याची तारीख आणि सद्यस्थिती नकाशावर न दाखवणारे साधन मी अपुरे मानतो, मग त्याचे रंग कितीही देखणे असोत.

आपल्याकडे दूरसंचार विभागाने २०१७मध्ये सुरू केलेल्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळाने मोबाइल मनोरे नकाशावर आणले, हे पाऊल मोलाचे आहे. लहरींच्या वाटांचे संपूर्ण दप्तरही असेच खुलेपणाने उतरवून घेता यावे, अशी मागणी आपण करायला हवी. आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी वाचकांना एक विनंती: नॅसडॅक या शेअर बाजाराची यंत्रे जिथे आहेत ते कार्टरेट तुमच्याच मिडलसेक्स काउंटीत आहे. परवान्यांची ती फाइल उतरवा आणि क्यूजीआयएस या नकाशा-प्रणालीत तुमच्या काउंटीपुरती उघडा. दोन्हींना पैसे पडत नाहीत.