जनुकाचे नाव आणि पटलाचे कार्य : 'पेलॅजिबॅक्टर'च्या निमित्ताने

जिवाणूंच्या जनुकसंचावरील शोधनिबंधांत वहनजनुकांचा तक्ता हमखास असतो. त्यातील बहुतेक नावे अन्य जिवाणूंच्या ज्ञात जनुकांशी असलेल्या साम्यावरून दिलेली असतात व त्यांच्यामागे 'संभाव्य' हे विशेषण असते. पुढच्या परिच्छेदापर्यंत ते विशेषण वाचक विसरतो; पुष्कळदा लेखकही. (वर्गात शिकविताना आपणही त्याला अपवाद नसतो.)

'पेलॅजिबॅक्टर युबिक' या मुक्तजीवी सागरी जिवाणूचा जनुकसंच जिओव्हानोनी व सहकाऱ्यांनी २००५ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे १३ लाख बेस-जोड्या आणि अवघी १,३५४ जनुके, असा हा काटकसरीचा संसार. सर्व २० अमिनो आम्ले घडविण्याचे मार्ग त्यात पूर्ण आहेत, असे निबंधात म्हटले होते. परंतु समुद्रात सल्फेट मुबलक असूनही या जिवाणूला क्षपित गंधक बाहेरूनच घ्यावे लागते, हे २००८ मध्ये ट्रिप व सहकाऱ्यांनी पेशी वाढवून सिद्ध केले. सल्फेटच्या क्षपणाची जनुके नाहीत, हे जनुकसंचात दिसतच होते. त्या उणिवेचा पेशीच्या जगण्याशी असलेला संबंध मात्र संवर्धनातून कळला. अशा जिवाणूच्या बाबतीत पटलातून नेमके काय आत येते, हा प्रश्न गौण राहत नाही.

येथेच तक्ता अपुरा पडतो. ग्लायसिन बीटेनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाहकाचा नोएल व जिओव्हानोनी यांनी २०१९ मध्ये किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने अभ्यास केला. त्याचा अर्धसंपृक्ती स्थिरांक सुमारे १ नॅनोमोलर भरला. म्हणजे अत्यंत विरल द्रावणातूनही तो द्रव्य खेचतो. शिवाय स्पर्धात्मक अवरोधाच्या प्रयोगांवरून तो इतरही अनेक संयुगे वाहून नेतो, असे दिसले. यांपैकी कोणतीही गोष्ट नावात नव्हती. आत्मीयतेचा आकडा तर जनुकक्रमावरून वाचताच येत नाही, आणि अन्नद्रव्यांच्या दुष्काळात जगणाऱ्या पेशीचे यश त्या आकड्यावरच पुष्कळसे अवलंबून असते. असे असता केवळ वहनजनुके मोजून दोन जिवाणूंच्या क्षमतेची तुलना करणे कितपत ग्राह्य मानावे?

साम्याधारित नामकरण टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. त्यावाचून कोणता प्रयोग आधी करावा, हेही ठरविता आले नसते. आक्षेप आहे तो अनुमान व प्रयोगसिद्ध कार्य एकाच स्तंभात छापण्याला. बंधक प्रथिन शुद्ध करून त्याची आत्मीयता मोजली, तरी ते बंधनाचे प्रमाण होते. जिवंत पेशीतील वहनाचे नव्हे. तक्त्यात पुराव्याचा स्वतंत्र स्तंभ असावा, आणि प्रयोग झालेला नसेल तेथे तो रिकामा सोडावा.