पावती की पावता?

परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस आहे. गेल्या वर्षी तिथे एका अ‍ॅपची मराठी आवृत्ती करताना गंमत झाली. इंग्रजीत नीट दिसणारं बटण मराठीत 'पावता' म्हणत होतं. भाषांतर बरोबर होतं, पण बटणाची उंची कमी पडली आणि 'पावती'ची वेलांटी वरून छाटली गेली. गिरगावात आईला स्क्रीनशॉट दाखवला, तर ती म्हणाली, "हे कुठलं मराठी रे?"

चूक आमच्या टीमचीच. पण ती इतक्या सहज का झाली, हे बघण्यासारखं आहे.

अँड्रॉइडवर स्क्रीनची मांडणी बरीच वर्षं एक्सएमएलमध्ये लिहिली जाते. ही डिक्लरेटिव्ह पद्धत. म्हणजे टॅक्सीत बसून फक्त 'शिवाजी मंदिर' म्हणायचं. वळणं ड्रायव्हर बघेल. काय हवं ते आपण लिहायचं, कसं करायचं ते फोन ठरवेल. बटणाची उंची 'मजकुराला लागेल तेवढी' असं त्यात लिहिता येतं. पण '३२ डीपी' असा ठोक आकडाही लिहिता येतो. डिझायनरच्या फाइलमध्ये आकडा तयार असतो, म्हणून आपण तोच टाकतो. आणि तो इंग्रजी शब्द बघून ठरलेला असतो.

मग आकड्यांवर बंदी घालावी का? तेही जमत नाही. सुरुवातीच्या एचटीएमएलनं दिसण्याचा बराचसा भाग ब्राउझरवर सोडला होता. डिझायनरांनी टेबलं कोंबून हवी ती मांडणी करून घेतली. १९९६ साली सीएसएस आलं, पण ठोक उंची तिथेही लिहिता येतेच.

माझी खरी तक्रार डीफॉल्टबद्दल आहे. अँड्रॉइडमध्ये देवनागरीचे दोन फाँट असतात: एक ऐसपैस, एक दाबून बसवलेला. जुन्या स्क्रीन मोडू नयेत म्हणून दाबलेला आपोआप मिळायचा. ऐसपैस हवा तर २०१४पासून 'एलिगंट टेक्स्ट हाइट' नावाचा गुणधर्म स्वतः चालू करावा लागे. अँड्रॉइड १५साठी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये तो आपोआप चालू झाला, तोवर २०२४ उजाडलं. म्हणजे दहा वर्षं मराठीला स्वतःची उंची मागून घ्यावी लागली. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तिथे देवनागरीचे खिळे ओततानाच मात्रेची जागा धरलेली असे.

आता एक्सएमएलच्या जागी कंपोज आलं आहे. २०२१पासून स्क्रीन थेट कॉटलिनमध्ये लिहिता येते. लिहायला मजा येते, अटी-लूप हवे तिथे घालता येतात. पण काहीतरी गेलंही. आमच्या एक्सएमएलमधले ठोक उंचीचे सगळे आकडे मी एका साध्या स्क्रिप्टनं, अ‍ॅप न चालवता, दुपारभरात शोधले. कंपोजमध्ये तोच आकडा कुठल्यातरी फंक्शनमधून हिशोब होऊन येऊ शकतो. फाइल वाचून तो दिसेलच असं नाही. भाषा जितकं जास्त करू देते, तितकं ती बाहेरून तपासणं अवघड होतं.

मी कंपोजच वापरतो, वापरत राहीन. पण प्रत्येक नवीन स्क्रीनवर आधी 'र्कीं' लिहून बघतो. रफार, वेलांटी, अनुस्वार तिन्ही दिसले, तरच पुढे.