भयपटाची पहिली दोन मिनिटे : एका विद्यार्थी-चित्रपटाचे परीक्षण

या पाठात आपण एका लहान गोष्टीकडे पाहणार आहोत : भयपटाची सुरुवात. माध्यम-निर्मिती किंवा चित्रपट-आस्वाद शिकवताना 'भयपटाची पहिली दोन मिनिटे तयार करा' असा प्रकल्प अनेकदा दिला जातो. याचे कारण सरळ आहे. त्याला खर्च नाही. एक मोबाईल, एक रिकामी खोली, रात्र आणि तयार असलेला एखादा मित्र एवढ्यावर काम भागते. मी अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. महाविद्यालयाच्या फिल्म क्लबचे काम माझ्याकडे असल्यामुळे असे प्रकल्प मी बरेच पाहिले. त्यांतल्या एकाचे परीक्षण इथे करतो.

चित्रपट असा होता. काळा पडदा, विजेचा कडकडाट. पांढऱ्या अक्षरांत मजकूर येतो : दहा वर्षांपूर्वी या वसतिगृहाच्या एका खोलीत एका मुलीने जीव दिला, तेव्हापासून ती खोली बंद आहे. मग पावसातली इमारत. सुट्टीत एकटीच परत आलेली एक विद्यार्थिनी बॅग घेऊन लांब व्हरांड्यातून चालते. ट्यूबलाइट फडफडते. दार आपटते. आरशात चेहऱ्यावर केस सोडलेली मुलगी दिसते, किंकाळी, आणि लाल, ओघळणाऱ्या अक्षरांत शीर्षक. एकूण १ मिनिट ५० सेकंद.

सभागृहात दोन गोष्टी घडल्या. आरशातली मुलगी दिसताच सगळे हसले. हे मला अपेक्षित होते. दुसरी गोष्ट त्याआधीची : सुरुवातीचा मजकूर पडद्यावर असतानाच तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उठून बाहेर गेला. त्याच्या घरी तशीच घटना घडली होती, हे मला नंतर समजले. चित्रपट करणाऱ्या मुलांना ते माहीत असण्याचे कारण नव्हते आणि त्यांचा हेतूही वाईट नव्हता. मी विचारले, 'हा मजकूर का घातला?' उत्तर आले, 'सर, हॉस्टेलच्या भुताला काहीतरी पार्श्वभूमी लागतेच ना.'

माझे परीक्षण या 'लागतेच ना'पासून सुरू होते. ते हसू आणि ते उठून जाणे, दोन्हींचे मूळ मला एकच दिसते. प्रश्न पडण्याआधीच चित्रपटाने उत्तर देऊन टाकले होते, आणि ते उत्तरही उसने आणलेले होते.

आता संकेतांबद्दल. प्रत्येक चित्रप्रकाराचे ठरलेले संकेत असतात, आणि ते वापरण्यात काही कमीपणा नाही. हिंदी भयपटातले बहुतेक संकेत एका चित्रपटात एकत्र पाहायचे असतील तर बॉम्बे टॉकीजचा 'महल' पाहा. साल १९४९, दिग्दर्शक कमाल अमरोही. वादळी रात्र, ओसाड वाडा, कंदील घेतलेला म्हातारा माळी, भिंतीवरची तसबीर, टोले देणारे घड्याळ, लांबून ऐकू येणारे गाणे. पुढे रामसे बंधूंनी 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) ते 'पुराना मंदिर' (१९८४) या काळात हेच सामान अधिक भडक रंगांत वापरले. केस सोडलेली मुलगी मात्र आपल्याकडे बरीच उशिरा आली. १९९८ च्या जपानी 'रिंगू'ने आणि २००२ मधल्या त्याच्या अमेरिकन आवृत्तीने तिचा जगभर प्रसार केला. आमच्या मुलांनी तिला थेट तिथूनच उचलले होते.

कोणी म्हणेल की 'महल'मध्येही जुन्या मृत्यूची कहाणी सुरुवातीलाच सांगितली जाते, मग विद्यार्थ्यांचे काय चुकले? हा आक्षेप योग्य आहे आणि त्यावर थांबून विचार करायला हवा. वाड्याचा नवा मालक शंकर (अशोक कुमार) रात्री तिथे येतो. माळी त्याला वाडा बांधणाऱ्या माणसाची आणि त्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीची गोष्ट सांगतो. इथपर्यंत ती दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट आहे. मग तसबीर समोर येते, आणि तसबिरीतल्या माणसाचा चेहरा शंकरचाच असतो. मघाशी ऐकलेली गोष्ट त्या क्षणी त्याची स्वतःची होते. त्यानंतर घड्याळात दोनचे टोले पडतात आणि गाणे सुरू होते. हा क्रम उलटा करून पाहा : आधी तसबीर, मग गोष्ट. साम्य आधी दिसले असते आणि माळ्याची गोष्ट केवळ त्याचे स्पष्टीकरण झाली असती. भीती उरली नसती. 'महल'चे संकलन बिमल रॉय यांचे आहे आणि छायाचित्रण जोसेफ विर्शिंग यांचे. विर्शिंग यांच्या सावल्यांबद्दल पुष्कळ बोलले जाते, पण मला या सुरुवातीत क्रमाचे महत्त्व सावल्यांपेक्षा जास्त वाटते.

आमच्या विद्यार्थी-चित्रपटातला मजकूर कुणाचीच गोष्ट होत नाही. मेलेली मुलगी कोण, आलेल्या मुलीशी तिचे काय नाते, याचा पत्ता नाही. एका माणसाचे मरण तिथे फक्त सजावटीचे सामान म्हणून आले आहे. तिसऱ्या रांगेतल्या मुलाला ते लागले आणि बाकीच्यांना ते खोटे वाटले.

दुसरे उदाहरण पूर्वेतिहासाला फाटा देणारे आहे : जॉन कार्पेंटरचा 'हॅलोविन' (१९७८). अमेरिकेतल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावात, १९६३ मध्ये, कॅमेरा एका घराभोवती फिरतो. कोण पाहत आहे हे सांगितलेले नाही. आपण त्याच्या डोळ्यांनीच पाहतो. खिडकीतून एक मुलगी आणि तिचा मित्र दिसतात, वरचा दिवा विझतो. एक हात स्वयंपाकघराच्या खणातून सुरी काढतो. वर गेल्यावर मुखवटा उचलला जातो आणि त्यानंतर पडद्यावर डोळ्यांची दोन भोके एवढेच दृश्य उरते. खून होतो. तो बाहेर येतो, आईवडील गाडीतून उतरतात, वडील मुखवटा काढतात, आणि आता पहिल्यांदाच कॅमेरा समोरून दाखवतो : विदूषकाच्या पोशाखातला सहा वर्षांचा मुलगा, हातात सुरी. कॅमेरा मागे आणि वर सरकत जातो. कुणी काही बोलत नाही.

इथे उत्तर मिळते, पण त्या उत्तरातून पहिल्यापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो. सुमारे ३ लाख डॉलरमध्ये झालेला हा चित्रपट हॉलिवूडच्या हिशेबात गरीबच होता. तरीही एक सावधगिरी : या सुरुवातीची नक्कल विद्यार्थी फार करतात आणि ती जमत नाही. हातातला मोबाईल हलवत चालले की 'कुणाच्या तरी नजरेतून' असा परिणाम होतो असे त्यांना वाटते. 'हॅलोविन'मध्ये ती नजर थांबते, वाट पाहते, वळसा घालते; तिला काहीतरी हवे आहे हे आपल्याला कळते. हलणाऱ्या मोबाईलला काहीच नको असते.

आता संकलन, कारण आमच्या चित्रपटाचे खरे काम तिथे झाले. मी अट घातली की पुन्हा चित्रीकरण करायचे नाही. हाती असलेल्या शॉट्समधूनच नवी सुरुवात करायची. आवाज मात्र नवे घेता येतील. आधी आम्ही मजकूर काढला. मग आरशातली मुलगी काढली. मुले घाबरली, कारण आता चित्रपटात भूतच नव्हते.

कच्चे शॉट्स पाहताना व्हरांड्याचा एक शॉट सापडला. मूळ आवृत्तीत तो दोन सेकंदांचा होता, प्रत्यक्षात अकरा सेकंद चित्रित झाला होता. मुलगी आमच्याकडे पाठ करून चालत जाते, थांबते, उभी राहते. विद्यार्थ्यांनी ती थांबण्याआधीच कापला होता, कारण 'काही होत नाही'. भयपटात प्रेक्षक काम करतो तो याच 'काही होत नाही'च्या वेळात. तो चौकटीचे कोपरे तपासू लागतो. आम्ही त्यातले नऊ सेकंद ठेवले.

याच शॉटमध्ये एक तांत्रिक दोष होता आणि तो तुमच्यापैकी अनेकांना भोवेल. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणून साध्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. मोबाईल ३० फ्रेम आणि १/६० शटरवर असेल तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. आमच्या गटाला ते 'भुताटकीचे' वाटले होते. प्रेक्षकाला तो कॅमेऱ्याचा बिघाड वाटतो. २५ फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० शटर ठेवा, आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर अंधार आला की मोबाईल स्वतःच उजेड वाढवतो आणि रात्रीची करडी खिचडी करतो.

न वापरलेल्या शॉट्समध्ये आणखी एक होता : न्हाणीघरात नळाखाली ठेवलेली कोरडी बादली. कुणीतरी प्रकाश तपासायला घेतलेला. संकलन करणाऱ्या विद्यार्थिनीने तो बाजूला काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने नवी मांडणी दाखवली. वीज-पाऊस नाही. व्हरांडा, चोकची गुणगुण. मुलगी चालते आहे आणि व्हरांड्याच्या टोकाकडून बादली भरण्याचा आवाज येतो. ती थांबते. 'कोण आहे?' नळ बंद होतो. नऊ सेकंदांतला उरलेला वेळ ती नुसती उभी. मग कोरडी बादली. काळा पडदा.

विजेचा कडकडाट इंटरनेटवरून उतरवलेला होता आणि तो सगळ्यांनी शंभरदा ऐकलेला असतो. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला, मग तो गुवाहाटीचा असो की त्रिशूरचा, पहाटे दुसऱ्या कुणीतरी बादली लावल्याचा आवाज ओळखीचा असतो. तो आवाज घेण्यासाठी एक रात्र आणि एक मोबाईल पुरला. सोबत त्यांनी रिकाम्या व्हरांड्याचा स्वतःचा आवाजही अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित केला. हे न चुकता करा. कापलेल्या शॉट्सच्या सांध्यांखाली तो अंथरला नाही तर प्रत्येक कटवर शांतता बदलते आणि कानाला कात्री ऐकू येते.

कटच्या जागेवर आमचा बराच वाद झाला. बादलीचा शॉट मुलीच्या नजरेबरोबर आणायचा की नंतर? बरोबर आणला तर बादली तिने पाहिली असे होते. आठ फ्रेम उशिरा, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबात ०.३२ सेकंद, आणला तर ती आधी आपल्याला दिसते की तिला, हे कळत नाही. आम्ही उशिराचा पर्याय ठेवला. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'जॉज' (१९७५) ची सुरुवात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पाण्यात मुलगी खाली ओढली जाते, ओरडते, आणि मध्येच कट किनाऱ्यावर जातो, जिथे तिच्यामागे आलेला मुलगा वाळूत नशेत पडला आहे. शार्क दिसत नाही. मदत इतकी जवळ असून निरुपयोगी आहे, हे त्या कटमधून कळते. संकलक व्हर्ना फील्ड्स यांना या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले.

नवी आवृत्ती निर्दोष नाही. 'कोण आहे?' हे फार मोठ्याने म्हटले आहे. रिकाम्या इमारतीत घाबरलेले माणूस इतक्या खणखणीत आवाजात विचारत नाही. मुलीच्या चेहऱ्याचा एक समीप शॉट अजूनही नको तिथे आहे, आणि त्यात ती 'भीतीचा अभिनय' करते. पण या वेळी सभागृहात कुणी हसले नाही, कुणी उठूनही गेले नाही.

एक मतभेद मात्र तसाच राहिला. आता शीर्षक लहान पांढऱ्या अक्षरांत येते, आणि त्याच्या काळ्या पडद्यावर नळ पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येतो. मला तो जास्तीचा वाटतो; कोरड्या बादलीनंतर काही बोलण्याची गरज नव्हती. संकलन करणारी विद्यार्थिनी तो काढायला तयार नाही. तिचे म्हणणे, 'सर, बादली अजून भरायची आहे.'