‘स्वामी’ : भयकथा आणि नियती

जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेवर ‘नियतिवादी’ असा शिक्का मारून समीक्षा बहुधा थांबते. ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहातील ‘स्वामी’ ही कथा त्या शिक्क्याला जुमानत नाही. अनोळखी प्रवाशाला आदराने मठात नेऊन भुयारी खोलीत कायमचे कोंडणे, हा सांगाडा भयकथेचा. परंतु येथे भुताखेतांची गरजच पडत नाही; सेवा, सन्मान आणि स्वामीपद हेच कडीकुलूप ठरते. नियती माणसांच्या विनम्र व्यवस्थेतून बोलते आणि म्हणूनच ती अधिक भयावह वाटते. पुढे त्या कोंडीत वेल वाढू लागते, तेव्हा ‘हा सुटेल काय?’ हा भयकथेचा प्रश्न मागे पडून कथा दृष्टान्ताचे रूप घेते. माणूस आतच राहतो. वेल उजेडाकडे सरकते. यात केवळ शरणागती वाचणे प्रस्तुत लेखकाला तरी अपुरे वाटते.