घरगल्लीपर्यंत पोहोचेल तो उत्सव

उत्सवाविषयी लिहावयाचे ते गोडच लिहावे, अशी दिवाळी अंकांची रीत आहे. आणि फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचणाऱ्या वाचकाचा तो हक्कही आहे. तरीपण नाटकाची समीक्षा होते, कादंबरीची होते, मग गल्लीतल्या उत्सवाची का होऊ नये? तोही एक प्रयोगच असतो. त्याला रंगमंच आहे, नेपथ्य आहे, पात्रे आहेत, प्रेक्षक आहेत. नाटक तिकीट काढणाऱ्यांपुढे होते. उत्सव मात्र रस्ता सर्वांचा आहे, असे गृहीत धरून उभा राहतो. हे गृहीत कितपत खरे आहे, एवढेच मला येथे तपासावयाचे आहे.

प्रथम त्याचे श्रेय त्याला देऊ या. मुंबईच्या जुन्या वस्तीतली गल्ली एरवी कशी असते? दोन्ही अंगांना स्कूटरी लावलेल्या, एखादी मोडकी हातगाडी वर्षानुवर्षे तिथेच पडलेली, वरून कपड्यांचे पाणी गळते आहे, आणि माणसे नाकासमोर पाहत झपझप निघून जातात. त्याच गल्लीत चार बांबू उभे राहिले, दिव्यांची माळ चढली, की तीच माणसे थबकतात. वर्षभर जिन्यावर नुसते हसून पुढे जाणारे शेजारी सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून चाळीचा चौक आणि गल्लीचे तोंड ही मराठी माणसाची सभागृहे झाली. व्याख्याने तिथे झाली, मेळे तिथे झाले. पुढे गिरणगावात अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या कलापथकाने नाट्यगृहाची वाट पाहिली नाही. कामगार राहत होता तिथेच डफ वाजला. संयुक्त महाराष्ट्राचा आवाज वर्तमानपत्रांतून उठला तितकाच तो या अरुंद बोळांतूनही उठला. एवढे मोठे काम ज्या जागेने केले, तिला केवळ येण्याजाण्याची वाट म्हणणे हा कृतघ्नपणा होईल.

अलीकडच्या काळात या परंपरेला नवी रूपे आली. डोंबिवलीत 1999 साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघाली आणि ती प्रथा पाहता पाहता गिरगाव, ठाणे अशी पसरली. त्याच वर्षी मुंबईत काळा घोडा कलामहोत्सव सुरू झाला. ज्या पुतळ्यावरून त्या भागाला नाव पडले तो 1965 सालीच तिथून हलवून भायखळ्याला नेलेला होता. घोडा गेला, नाव उरले, आणि एरवी मोटारींनी भरलेल्या त्या रस्त्यावर महोत्सवाच्या दिवसांत माणसे चालू लागली. मोटारी हटल्या की रस्ता केवढा रुंद असतो, हे मुंबईकराला तिथे कळते. ही गोष्ट लहान नाही.

पण समीक्षकाने पडदा पडल्यावरही थोडे थांबावे. मला या उत्सवांविषयी जी शंका येते ती ‘सार्वजनिक’ या शब्दापाशी. हा शब्द आपण फार सहज उच्चारतो. तो इतका स्वस्तात मिळालेला नाही. सार्वजनिक पैशांवर चालणारी तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली मांडला आणि तो संमतही झाला. तरी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी 1927 साली सत्याग्रह करावा लागला. मधल्या काळात, 1926 साली, दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा अधिकार हवा, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे यांनी धरला, तेव्हा केवढे वादळ उठले! त्या वादळातूनच दादरचा सार्वजनिक नवरात्रोत्सव उभा राहिला. म्हणजे मंडप उघड्या रस्त्यावर असला तरी तेवढ्याने तो सार्वजनिक होत नाही. त्यात कोण उभा राहू शकतो, आणि कोठे उभा राहू शकतो, हे पाहावे लागते.

आजच्या मंडपात तशी बंदी कोणी घालणार नाही. परंतु गल्लीच्या मागे आणखी एक गल्ली असते. दोन इमारतींच्या पाठींमधली ती चिंचोळी फट, जिला मुंबईकर घरगल्ली म्हणतो. सांडपाण्याचे नळ तिथे उतरतात, आणि वरच्या खिडक्यांतून उष्टेखरकटेही तिथेच पडते. ती मुळात बांधली गेली ती कशासाठी? टोपल्यांच्या संडासांच्या काळात मैला उचलणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने येऊ नये म्हणून. जातिभेद आपण पोथ्यांत शोधतो. इथे तो विटाचुन्यात बांधलेला आहे. डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली अधिक कडक कायदा झाला. पण घरगल्ली साफ करावयास उतरणारा माणूस अजून बहुधा त्याच समाजातला असतो.

मी शाळेत शिकवते. ‘आमच्या गल्लीतला उत्सव’ हा निबंध मुले दर वर्षी लिहितात. रोषणाई येते, आरती येते, मोदक येतात. एखादा व्रात्य मुलगा लाउडस्पीकरने आजीची झोप कशी मोडली तेही लिहितो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाल आणि पत्रावळी कोणी उचलल्या, हे मात्र निबंधात येत नाही. यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना जे दाखवतो तेच ती पाहतात. उत्सवाची रचनाच अशी, की झाडणारा सगळे आटोपल्यावर येतो आणि सगळे उठण्यापूर्वी जातो.

म्हणून गल्लीतल्या उत्सवाचे मोजमाप मी गर्दीवरून करणार नाही. गर्दी जाहिरातीनेही जमते. पाडव्याला फेटे बांधून मोटारसायकलींवर निघालेल्या मुली पाहून मला आनंदच होतो. पण पाडव्याच्या आठ दिवसांनी रात्री साडेनऊला त्याच रस्त्याने एकटी मुलगी निर्धास्त येऊ शकते का, हे मी विचारीन. दहानंतर लाउडस्पीकर बंद करण्याचा नियम मंडळ पोलिसाच्या भीतीने पाळते की वरच्या मजल्यावरच्या आजाऱ्यासाठी, हे विचारीन. मंडप निघाल्यावर एखादे बाकडे, एखादा दिवा, एखादे कुंडीतले झाड मागे उरले का, हेही पाहीन. केशवजी नाईकांच्या चाळीत अजूनही लहानशी मूर्ती बसते आणि पालखीतून निरोप घेते. साधेपणा उत्सवाला मारक नसतो, याला याहून वेगळा पुरावा नको.

उत्सव बंद करा, असे मी म्हणत नाही. ते बंद झाले तर गल्ली पुन्हा स्कूटरींची होईल. माझे म्हणणे एवढेच, की वर्गणीतला काही भाग घरगल्लीसाठी काढावा. ती वर्षभर स्वच्छ राहील, खिडकीतून काही पडणार नाही, असा सर्व बिऱ्हाडांनी मिळून नेम करावा. आणि जो ती साफ करतो त्याला पहिल्या रांगेतली खुर्ची द्यावी, सत्कारासाठी व्यासपीठावर चढवून पुन्हा खाली उतरवण्यासाठी नव्हे, तर शेजाऱ्याने शेजाऱ्याजवळ बसावे तसे बसण्यासाठी. ज्या वर्षी हे होईल, त्या वर्षी पावतीपुस्तकावरचा ‘सार्वजनिक’ हा शब्द मला प्रथमच शुद्ध वाटेल.