कोड आहे, फोन कुठंय?

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांवरही आले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार गुरुजींना मिळाला, तो योग्यच. माझा आक्षेप पुढच्या वापरावर आहे. धडा समजावणं व्हिडिओवर गेलं, तर वर्गातला वेळ मोकळा व्हायला हवा होता ना? पण फळ्यावरचं उतरवून घेणं चालूच, वर गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर! आपल्या पाथर्डीतला ऊसतोड कामगार कारखान्याला निघतो, तेव्हा घरातला फोनही जातो. आजीपाशी राहिलेलं पोरगं कोड कशानं उघडणार? व्हिडिओ शाळेतच दाखवा. गणितं गुरुजींसमोर सोडवू द्या. हातचा कुठं राहतो ते तिथंच कळतं. आणि घरी द्यायचंच, तर आजीला विचारून लिहिता येईल असं द्या.